यादीतलं दुसरं नाव

मंडळी, आधी एक साधा प्रश्न. परदेशात जाऊन प्रोफेशनल रेसलिंगचा मोठा किताब जिंकणारा भारतीय कोण?

माझ्या वयाचा कुणीही डोळे मिटून सांगेल, द ग्रेट खली! २००७ साली त्याने डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्ल्ड हेवीवेट किताब मिळवला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. आमच्या डहाणूत तेव्हा घराघरात टेन स्पोर्ट्स लागायचं, ट्रम्प कार्ड्सच्या चळती पोरांच्या खिशात असायच्या, आणि मधल्या सुट्टीत किमान एकाची तरी कॉलर फाटायची. घरातल्या मोठ्यांना विचाराल तर ते दुसरं नाव घेतील, दारा सिंग. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी ठीक आहेत. पण तिसरं एक उत्तर आहे आणि ते कुणीच देत नाही. टायगर जोगिंदर सिंग.

१६ नोव्हेंबर १९५५. टोकियो. 'ऑल एशिया टॅग टीम चॅम्पियनशिप' नावाच्या नव्या कोऱ्या किताबाची अंतिम लढत. जिंकली ती किंग काँग आणि टायगर जोगिंदर सिंग यांची जोडी. हा किताब आजही जपानमध्ये चालू आहे. तिथल्या चालू किताबांमधला तो सर्वात जुना मानला जातो. म्हणजे गेली सत्तर वर्षं जी यादी लांबत चालली आहे, तिच्या पहिल्याच ओळीत एक भारतीय नाव आहे. आणि ते आपल्यापैकी कुणालाही माहीत नसतं!

आता हे असं का झालं, त्याची ही गोष्ट.

टॅग टीम हा प्रकार ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. एका बाजूला दोन कुस्तीगीर, दुसऱ्या बाजूला दोन. पण रिंगमध्ये एका वेळी प्रत्येकी एकच. दुसरा आपल्या कोपऱ्यात दोऱ्यांच्या बाहेर उभा. आतला दमला, मार खाऊन बेजार झाला की सरपटत कोपऱ्यापर्यंत यायचं, जोडीदाराच्या हाताला हात लावायचा आणि त्याला आत सोडायचं. या खेळाची सगळी मजा त्या सरपटण्यात असते. समोरचे दोघं मिळून एकाला तुडवतायत, त्याचा हात जोडीदारापासून वीतभर लांब आहे, आणि अख्खं सभागृह ओरडतंय 'पोच, पोच!'

गंमत म्हणजे आपल्या कुस्तीतही 'जोड' हा शब्द आहे, पण अर्थ नेमका उलटा. कोल्हापूर-सांगलीकडे फडात 'जोड लावली' म्हणजे दोन पैलवान एकमेकांविरुद्ध उभे केले. तुल्यबळ प्रतिस्पर्धी म्हणजे जोड. दोघांनी मिळून तिसऱ्याशी लढायचं ही कल्पना लाल मातीत कधी रुजलीच नाही. तिथे पैलवान एकटा. जिंकला तर एकटा खांद्यावर, हरला तर एकटा घरी.

जपानमध्ये मात्र प्रोफेशनल रेसलिंगची खरी सुरुवातच जोडीने झाली. रिकिदोझान नावाचा एक सुमो पैलवान होता. सुमोमध्ये तो सेकिवाके या वरून तिसऱ्या पायरीपर्यंत चढला आणि १९५० साली ते सगळं सोडून बाहेर पडला. १९५१ मध्ये अमेरिकेतून आलेल्या मंडळींबरोबर तो नवा खेळ शिकला. १९५३ मध्ये जपान प्रो रेसलिंग असोसिएशन उभी राहिली. आणि १९ फेब्रुवारी १९५४ पासून सलग तीन दिवस टोकियोच्या कुरामाए कोकुगिकान या सुमोच्या सभागृहात रिकिदोझान आणि जुदोचा महारथी मासाहिको किमुरा ही जोडी कॅनडाच्या शार्प बंधूंविरुद्ध उतरली. बेन शार्प आणि माइक शार्प. दोघंही धिप्पाड. जगज्जेती जोडी म्हणून नावाजलेले.

वर्ष लक्षात घ्या. महायुद्धात हरून नऊ वर्षंही झाली नव्हती आणि अमेरिकी फौजांचा अंमल संपून दोनच वर्षं झाली होती. जपानमध्ये टीव्ही सुरू होऊन जेमतेम वर्ष झालेलं. घरात संच कुणाकडे असणार? म्हणून चौकाचौकात, स्टेशनांबाहेर टीव्ही लावले होते आणि त्यांच्यापुढे माणसांचे लोंढे. दोन धिप्पाड गोरे किमुराला बडवतायत, मग किमुरा कसाबसा हात लावतो, रिकिदोझान आत येतो आणि कराटेच्या फटक्यांनी दोघांना लोळवतो. रस्त्यावरच्या त्या गर्दीला काय वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

पण इथे एक कुसळ आहे. मार खायचं काम कायम किमुराकडे आणि टाळ्या कायम रिकिदोझानला. किमुराला हे सलत होतं. त्याच वर्षी २२ डिसेंबरला दोघं एकमेकांविरुद्ध उतरले. बरोबरीत सोडवायचं ठरलं होतं, रिकिदोझानने ऐनवेळी ठरलेलं मोडलं, असं किमुरा पुढे आयुष्यभर सांगत राहिला. किमुराची हार झाली. जोडीतल्या दुसऱ्या माणसाचं काय होतं, याचा हा पहिला धडा.

मग आलं १९५५. जोडीचा खेळ लोकांना आवडतो हे एव्हाना सिद्ध झालं होतं. आता पाहुणे आशियातून आणायचे आणि 'अखिल आशिया' असा भारदस्त किताब सुरू करायचा, असा बेत ठरला. पण आशियात प्रोफेशनल रेसलिंग कुठे चालायचं? सिंगापूर, मलाया आणि आपला हिंदुस्थान. मुंबई हे त्यातलं एक मोठं ठाणं. ही मंडळी बोटीने आणि विमानाने या शहरांमधून फिरत असायची. आज मुंबई, पुढच्या महिन्यात सिंगापूर. आपण क्लायंटच्या साइटवर फिरतो, त्यातलाच प्रकार. :)

या फेरीचा बादशहा होता किंग काँग. खरं नाव एमिल चाया. जन्म १९०९ चा, हंगेरीतला. वजन दोनशे किलोच्या आसपास असल्याची जाहिरात व्हायची. आपल्याकडे 'दारा सिंग आणि किंग काँग' ही नावं राम-रावणासारखी जोडीने घेतली जातात, तोच हा किंग काँग. १९६२ मध्ये बाबूभाई मिस्त्रींनी दारा सिंगला घेऊन 'किंग काँग' नावाचा चित्रपटसुद्धा काढला, इतकं ते नाव इथे मुरलं होतं. आणि जोगिंदर सिंग? तो त्याच फेरीतला पंजाबी पैलवान. आपल्याकडे त्याची एवढीच नोंद सापडते की १९५४ साली 'रुस्तम-ए-हिंद' किताबासाठी दारा सिंगने त्याला हरवलं आणि काश्मीरच्या महाराजा हरिसिंगांच्या हातून चांदीचा चषक घेतला. म्हणजे आपल्या इतिहासात जोगिंदर येतो तो फक्त हरण्यापुरता.

पुढच्याच वर्षी हे दोघं टोकियोत. समोर रिकिदोझान आणि त्याचा जोडीदार हॅरल्ड साकाता. हा साकाता म्हणजे १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये वजन उचलण्यात रौप्यपदक मिळवणारा. जेम्स बाँडचा 'गोल्डफिंगर' पाहिला असेल तर त्यात टोपी फेकून माणसं मारणारा ऑडजॉब आठवा, तोच हा.

आता जरा थांबा आणि चौघांकडे नीट बघा. रिकिदोझान जपानचा राष्ट्रीय हीरो, पण जन्माने कोरियन. ती गोष्ट तो जिवंत असेपर्यंत लपवून ठेवली गेली. साकाता दिसायला आणि आडनावाने जपानी, पण जन्म हवाईचा आणि पदक अमेरिकेसाठी मिळवलेलं. किंग काँग आशियाचा चॅम्पियन, पण मूळचा हंगेरियन! टोकियोत अखिल आशियाची अंतिम लढत आणि चौघांत जपानमध्ये जन्मलेला एकही नाही. नावाप्रमाणे खराखुरा, जन्माने आशियाई स्वतंत्र देशाचा प्रतिनिधी म्हणावा असा एकच गडी उरतो. जोगिंदर सिंग.

जोडीचा किताब पाहुण्यांनी नेला. सहा दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, एकेरीच्या अंतिम लढतीत रिकिदोझानने किंग काँगला हरवून ऑल एशिया हेवीवेट किताब मिळवला. आधी पाहुण्यांना जिंकू द्यायचं, मग घरच्या नायकाने हिशोब चुकता करायचा. पटकथा कशी बेतली होती ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

आणि इथेच तो नेहमीचा आक्षेप येतो. अरे, हे सगळं ठरवून केलेलं! नुरा कुस्ती! याचा कसला इतिहास लिहितोस?

आक्षेप खरा आहे, निकाल ठरलेले असत. पण आमच्याच पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. मुखवटे चढवून देव आणि दैत्य रात्रभर नाचतात, झुंजतात. कोण जिंकणार हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तरी लोक पहाटेपर्यंत बसतात, आणि 'फसवलं आम्हाला' असं म्हणत कुणी उठून जात नाही. कुठलं सोंग कुणी आणायचं, ते किती वर्षं कुणाच्या घरात आहे, हा तिथे खरा इतिहास असतो. आमच्या आजोबांना मी एकदा म्हटलं होतं, "आजोबा, दारा सिंगच्या कुस्त्या ठरवलेल्या असायच्या म्हणे." ते म्हणाले, "असतील रे. पण आपटल्यावर लागायचं ते काय ठरवून लागायचं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर निकाल खोटे असू शकतात, पण यादी खोटी नसते. कुठल्या दिवशी, कुठल्या गावात, कोण रिंगमध्ये उतरलं आणि किताब कुणाकडून कुणाकडे गेला, या नोंदी खऱ्या असतात. इंजिनियरच्या भाषेत सांगायचं तर ही एक लिंक्ड लिस्ट आहे. प्रत्येक नोड पुढच्याकडे बोट दाखवतो. मधला एक दुवा निसटला तर पुढचं सगळं लटकतं. म्हणून यादी सांभाळणारा कुणीतरी लागतो.

जपानमध्ये ती सांभाळली गेली, आणि तेही सोपं नव्हतं. एकदा नव्हे, तीनदा ती तुटायच्या बेतात आली.

पहिल्यांदा १९६३ मध्ये. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हा किताब बराच काळ रिकिदोझान आणि तोयोनोबोरी यांच्याकडे होता. ८ डिसेंबर १९६३ च्या रात्री टोकियोतल्या एका नाइट क्लबात रिकिदोझानला चाकूने भोसकलं आणि १५ तारखेला तो गेला. ज्याच्या एका नावावर अख्खा धंदा उभा, तोच नाही. पण १९६४ मध्ये तोयोनोबोरीच्या बरोबरीने उंचापुरा जायंट बाबा उभा राहिला आणि किताब पुढे सरकला. त्यानंतर मिचिआकी योशिमुरा नावाचा एक गडी या यादीत वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर दिसत राहतो, कधी किंतारो ओकी, कधी अँटोनियो इनोकी. अंगाने लहान, मार खाण्यात पटाईत आणि योग्य क्षणी मोठ्या गड्याच्या हाताला हात लावण्यात उस्ताद. जपानी लोक त्याच्या कामाला 'बायकोची भूमिका' म्हणत, म्हणजे घर चालवणाऱ्या माणसाची. (आजच्या काळात हे ऑफिसात म्हणून बघा, एचआरची मेल येईल.) इनोकीचं नाव जगभर झालं. योशिमुराचं नाव कुणाला माहीत नाही, पण यादीत ते इनोकीच्या शेजारी तितक्याच मोठ्या अक्षरात आहे.

दुसऱ्यांदा १९७३ मध्ये. इनोकी आणि बाबा दोघांनीही १९७२ साली आपापल्या वेगळ्या संस्था काढल्या आणि पुढच्या वर्षी जुनी असोसिएशन बंद पडली. किताब अडगळीत गेला. बाबाच्या ऑल जपान प्रो रेसलिंगने १९७६ मध्ये तो पुन्हा बाहेर काढला, पुसला आणि सुरू केला. नवीन नाव देता आलं असतं. पण जुन्या यादीला जोडून घेतलं, म्हणून पहिली ओळ शाबूत राहिली.

१९८८ मध्ये त्याच संस्थेने दोन किताब एकत्र करून जोडीचा नवा, वरच्या दर्जाचा जागतिक किताब केला. ऑल एशिया दुसऱ्या क्रमांकावर ढकलला गेला. आणि माझ्या मते त्याचे सर्वात सुंदर दिवस इथून सुरू झाले. वरच्या फळीतल्या तारकांना तो नकोसा झाला, त्यामुळे तो तरुणांचा, हलक्या वजनाच्यांचा, अजून नाव व्हायचंय अशांचा किताब बनला. तोशिआकी कावादा आणि सॅम्सन फुयुकी यांनी तो तीनदा मिळवला. डग फर्नास आणि डॅन क्रोफॅट ही 'कॅन-ॲम एक्स्प्रेस' पाचदा. याच जोडीविरुद्ध २५ मे १९९२ रोजी सेंदाई शहरात केंता कोबाशी आणि त्सुयोशी किकुची उतरले. कोबाशी पुढे प्रचंड मोठा झाला. पण सेंदाई हे किकुचीचं गाव. लहान चणीचा किकुची अर्धा वेळ नुसता मार खातोय, आणि अख्खं गाव त्याच्या नावाचा पुकारा करतंय. किताब त्या रात्री कोबाशी-किकुचीकडे आला. या खेळाचे शौकीन ही लढत आजही डोक्यावर घेतात. वेळ मिळाला तर शोधून जरूर बघा, सभागृहाचा आवाज ऐकूनच अंगावर काटा येतो.

तिसऱ्यांदा २००० मध्ये. बाबा १९९९ साली वारला होता. मित्सुहारू मिसावा जवळपास सगळे पैलवान घेऊन बाहेर पडला आणि त्याने नवीन संस्था काढली. ऑल जपानमध्ये जपानी पैलवान उरले फक्त दोन, कावादा आणि मासानोबू फुची. (एका सोमवारी ऑफिसात जावं आणि अख्ख्या टीमने राजीनामा दिलेला असावा, तसं!) तरीही संस्था टिकली. किताब रिकामा झाला, पुन्हा भरला, आणि यादी पुढे चालू राहिली. आजही चालू आहे.

आता इकडे, मुंबईत काय झालं?

मुंबईत तर तेव्हा जपानइतकंच जोरात चाललं होतं. वरळीचं वल्लभभाई पटेल स्टेडियम फ्रीस्टाइल कुस्त्यांसाठी ओळखलं जायचं. २९ मे १९६८ ला दारा सिंगने मुंबईत लू थेझ या अमेरिकी दिग्गजाला हरवलं आणि 'विश्वविजेता' झाला. हाच थेझ १९५७ मध्ये टोकियोत रिकिदोझानशी तासभर लढून बरोबरीत सुटला होता. म्हणजे माणसं तीच, दर्जा तोच, प्रेक्षकांचं वेडही तेच. फरक कशात?

फरक यादीत. थेझ अनेक वर्षं नॅशनल रेसलिंग अलायन्सचा जगज्जेता होता हे खरं. पण जानेवारी १९६६ मध्ये तो जीन किनिस्कीकडून हरला होता. मे १९६८ मध्ये त्या संस्थेच्या यादीत नाव होतं किनिस्कीचं. त्यामुळे दारा सिंगचं विश्वविजेतेपद त्या यादीत सापडत नाही. ते वृत्तपत्रांत आहे, लोकांच्या मनात आहे, पण त्याच्या आधी कोण आणि नंतर कोण, हे सांगणारा कागद नाही. दारा सिंगने १९८३ मध्ये दिल्लीत शेवटच्या लढती करून निवृत्ती घेतली आणि ते विश्वविजेतेपद त्याच्याबरोबरच घरी गेलं. पुढे तो 'रामायणा'तला हनुमान झाला, राज्यसभेत गेला, २०१२ मध्ये वारला. माणूस अमर झाला, किताब मात्र मेला.

याचं एक कारण मला टीव्हीत दिसतं. जपानमध्ये रेसलिंग आणि टीव्ही हातात हात घालून वाढले. दर आठवड्याला कार्यक्रम म्हणजे दर आठवड्याला गोष्ट पुढे न्यावी लागते, आणि किताब हेच त्या गोष्टीचं सूत्र. तो कुणाकडे आहे, कुणाला हवाय, पुढच्या शुक्रवारी काय? मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तोवर इथल्या फ्रीस्टाइलचा बहर ओसरत आला होता. दौरा आला, पोस्टरं लागली, तिकिटं खपली, दौरा गेला. अशा धंद्याला हीरो पुरतो. यादी लागत नाही.

दुसरं कारण आपल्या स्वभावात आहे. आपल्याला एकच नाव आवडतं. दारा सिंग जिंकला, बस्स. त्याच्यासमोर कोण होतं, त्याच्याबरोबर कोण होतं, हे कोण लक्षात ठेवतो?

हे फक्त कुस्तीपुरतं नाही. आमच्या भागातलंच उदाहरण घ्या. वारली चित्रकला म्हटलं की जिव्या सोमा मशे. जन्म तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा, आयुष्य गेलं डहाणू तालुक्यातल्या गंजाडला. १९७० च्या दशकात त्यांची चित्रं बाहेर पोचली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. मोठा माणूस, वादच नाही. पण त्यांच्या आधी पिढ्यानपिढ्या लग्नाचा चौक भिंतीवर लिहीत आल्या त्या सवाशिणी. तांदळाच्या पिठाची चित्रं, लग्न झालं की पुसट होत जाणारी. त्यातल्या एकीचं तरी नाव आपल्याला सांगता येईल? कुणी वाईट हेतूने पुसलं असं नाही. यादी ठेवायची असते हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही, इतकंच.

महाराष्ट्राला यादी ठेवता येत नाही असंही नाही हं. १९६१ साली औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हापासूनची नावं कुस्तीशौकीन तोंडपाठ म्हणून दाखवतात. नरसिंग यादव लागोपाठ तीनदा, मग विजय चौधरी लागोपाठ तीनदा, सगळं कसं जिथल्या तिथे. ही खरी कुस्ती, खरे निकाल, आणि मागे कुस्तीगीर परिषदेची परंपरा. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये संघटनांच्या भांडणात स्पर्धाच दोन झाल्या. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी, आणि धाराशिवला शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी. दोन्ही पैलवान अस्सल, दोघांचा घाम खरा. पण एका वर्षाच्या ओळीत नाव कुणाचं लिहायचं? ठरवून खेळणाऱ्या जपान्यांनी तीन संकटांतून यादी एकसंध ठेवली आणि खरं खेळणाऱ्या आपण ती दुभंगून घेतली, हे मला जरा जास्तच लागतं.

म्हणून मला तो ऑल एशियाचा किताब आवडतो. जोडीच्या यादीचा एक साधा नियम आहे. तिच्यात एकट्याचं नाव लिहिताच येत नाही. किताब एकाच्या जोरावर आला असेल, दुसऱ्याने फक्त मार खाल्ला असेल, तरी ओळीत दोन नावं येतातच. रिकिदोझानबरोबर तोयोनोबोरी, इनोकीबरोबर योशिमुरा, कोबाशीबरोबर किकुची. आपल्या कामातही असं एक नाव असतं. डेमो एक जण देतो आणि आदल्या रात्री तीनपर्यंत बग शोधणारा दुसराच कुणी असतो. रिलीज नोटमध्ये त्याचं नाव टाकायला दहा सेकंद लागतात. वीस वर्षांनी त्या दहा सेकंदांची किंमत कळते.

किंग काँग १९७० मध्ये मोटार अपघातानंतर सिंगापूरला वारला. आपल्याकडे तो दारा सिंगकडून हरणारा राक्षस म्हणून उरला. जोगिंदर तर तेवढाही उरला नाही. पण टोकियोत कुणीही ती यादी उघडली तरी वाचायला सुरुवात वरूनच करावी लागते. पहिली ओळ. किंग काँग आणि टायगर जोगिंदर सिंग.

पुढच्या वेळी कुणी खलीचं नाव घेतलं, तर त्याला खुशाल टाळ्या द्या. आणि मग हे दुसरं नाव सांगा.